आत्याला आलेले परदेशातील स्थळ खोटे असावे असे वाटते. तिला न दुखावता कसे सांगावे?

वारणाकाठ:

नमस्कार. विषय घरातला आणि नाजूक असल्यामुळे नावे आणि गाव देत नाही. आपल्यापैकी कोणी असा प्रसंग जवळून पाहिला असेल, तर कृपया मार्गदर्शन करावे.

माझी आत्या माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे आणि लवकरच निवृत्त होईल. तिचे यजमान काही वर्षांपूर्वी हृदयविकाराने गेले आणि मुलगी लग्नानंतर बंगळुरूला असते. मैत्रिणींच्या आग्रहावरून आत्याने एका विवाहविषयक संकेतस्थळावर पुनर्विवाहासाठी नाव नोंदवले आणि तिथे तिची एका गृहस्थांशी ओळख झाली. आपण मूळचे पुण्याचे, विधुर, आणि इंग्लंडमधील लेस्टर येथे हाडांचे शल्यचिकित्सक आहोत, असे ते सांगतात. लहानपणीच आईवडिलांबरोबर तिकडे गेल्यामुळे मराठी येत नाही, असे त्यांचे म्हणणे असून सगळे बोलणे इंग्रजीतच होते. सकाळी सहाच्या ठोक्याला शुभेच्छांचा संदेश, मधल्या सुट्टीत जेवणाची चौकशी आणि रात्री तासभर फोन हा क्रम कधी चुकत नाही. व्हिडिओ कॉल मात्र आजवर झालेला नाही. कधी रुग्णालयात परवानगी नसते, तर कधी फोनचा कॅमेरा बिघडलेला असतो.

दिवाळीच्या आधी त्यांनी आत्यासाठी दागिने, फोन आणि काही पौंड असलेले पार्सल पाठवल्याचे कळवले आणि त्याचे छायाचित्रही पाठवले. दोन-चार दिवसांत दिल्ली विमानतळावरील सीमाशुल्क कार्यालयातून बोलत असल्याचे सांगणाऱ्या एका बाईंचा फोन आला. त्यांनी दिलेल्या खात्यात आत्याने ४८,५०० रुपये भरले. ते खाते कुणा व्यक्तीच्या नावाचे होते. आता पार्सलमध्ये परकीय चलन सापडले असून मनी लाँडरिंगविरोधी प्रमाणपत्रासाठी २,३५,००० रुपये भरावे लागतील, न भरल्यास गुन्हा दाखल होईल, असे सांगण्यात आले आहे. आत्या मुदत ठेव मोडण्याच्या विचारात आहे.

माझ्या वडिलांना हे कळले तेव्हा ते रागाच्या भरात "या वयात हे शोभते का?" असे बोलून गेले आणि तेव्हापासून आत्याने त्यांच्याशी बोलणे सोडले आहे. ती अजून माझ्याशी बोलते. मला तिला सावध करायचे आहे, पण तो धागाही तुटेल की काय, अशी भीती वाटते.

न्यायपथ:

ताई, बाकीची चर्चा होत राहील, आधी मुदत ठेव वाचवा. मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो. सायबर फसवणुकीच्या तक्रारी लिहून देण्याचे काम माझ्याकडे नेहमी येते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सीमाशुल्क खाते कोणालाही फोन करून खासगी खात्यात पैसे भरायला सांगत नाही. परदेशातून आलेल्या पार्सलवर शुल्क लागलेच, तर त्याची रीतसर आकारणी होते आणि ते टपाल खात्यामार्फत किंवा कुरिअर कंपनीमार्फत, पावती घेऊन भरले जाते. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने नोव्हेंबर २०१९ पासून आपल्या पत्रव्यवहारावर 'डिन' नावाचा ओळख क्रमांक सुरू केला आहे आणि तो मंडळाच्या संकेतस्थळावर कोणालाही तपासता येतो. पैसे भरून घ्यायचे मनी लाँडरिंगविरोधी प्रमाणपत्र अस्तित्वातच नाही. या टोळ्यांचा डाव ठरलेला असतो. पहिली रक्कम घरात कोणाला न विचारता देता येईल एवढीच मागायची आणि दुसऱ्या खेपेला अटकेचा धाक घालून आकडा कित्येक पटींनी वाढवायचा. आधीचे गेलेले वाचावे म्हणून माणूस पुढचे भरत जातो, आणि म्हणूनच एकदा पैसे दिलेल्या व्यक्तीकडे ते पुन्हा पुन्हा येतात.

१९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर किंवा केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर लगेच तक्रार नोंदवा. पैसे ज्या खात्यात जातात ते बहुधा कमिशनच्या आमिषाने दुसऱ्याच कुणाकडून वापरायला घेतलेले असते आणि तिथून रक्कम काही तासांतच पुढे फिरवली जाते. तक्रार लवकर झाल्यास वाटेतल्या बँका ती रोखून धरू शकतात. दिवस उलटले असले तरी तक्रार करावीच, कारण त्याच खात्याविरुद्ध इतरांच्याही तक्रारी असू शकतात. कायद्याचे म्हणाल, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची फसवणुकीची ३१८ आणि तोतयेगिरीची ३१९ ही कलमे इथे लागतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ड कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

तक्रार आत्याबाईंनी स्वतः केलेली उत्तम, कारण फोन त्यांचा, खाते त्यांचे आणि संभाषणही त्यांचे. रागाच्या किंवा लाजेच्या भरात त्यांनी एकही संदेश पुसून टाकू नये, हे मात्र आजच सांगा.

ओवी:

न्यायपथ यांनी व्यवहाराची बाजू नेमकी मांडली आहे. मी समुपदेशनाच्या क्षेत्रात आहे आणि मला वडिलांच्या त्या वाक्याबद्दल लिहावेसे वाटते. ते काळजीपोटी बोलले असतील यात शंका नाही, पण अशा वेळी घरच्यांनी केलेली निर्भर्त्सना फसवणाऱ्याच्या पथ्यावर पडते. "तुझ्या घरचे तुला समजून घेत नाहीत, मी घेतो," हे त्याला मग वेगळे सांगावेही लागत नाही.

या संदर्भात मला नेहमी मँटाय टेओ या अमेरिकी फुटबॉलपटूचे प्रकरण आठवते. त्यात वय, एकटेपणा किंवा पैशाचा लोभ यांतले काहीच नव्हते, म्हणून ते मुळापासून समजून घेण्यासारखे आहे. टेओ हवाईचा, धर्मनिष्ठ मॉर्मन कुटुंबातला मुलगा. इंडियाना राज्यातील नोत्र दाम विद्यापीठाच्या संघाचा तो आधारस्तंभ होता आणि २०१२ च्या हंगामात देशातल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूंत त्याची गणना होत होती. लेने केकुआ नावाच्या तरुणीशी त्याची इंटरनेटवरून ओळख झाली होती. ती स्टॅनफर्डची विद्यार्थिनी असल्याचे सांगत असे. पुढे तिला मोटार अपघात झाल्याचे आणि मग रक्ताचा कर्करोग झाल्याचे त्याला कळवण्यात आले. ती रुग्णालयात असताना तो रात्र-रात्र फोन चालू ठेवून झोपत असे. सप्टेंबर २०१२ मध्ये त्याची आजी खरोखर वारली आणि त्यानंतर काही तासांतच लेने गेल्याचा निरोप आला. आपल्यासाठी सामना चुकवायचा नाही, असे तिने त्याच्याकडून वदवून घेतले होते. त्याच आठवड्यात मिशिगन स्टेटविरुद्ध तो मैदानात उतरला, त्याच्या संघाने २०-३ असा विजय मिळवला आणि सारा देश त्याच्या दुःखाने हेलावला.

लेने केकुआ नावाची कोणी मुलगी कधी नव्हतीच. फोनवरचा बाईचा आवाज टेओच्या ओळखीच्या एका तरुणाने काढलेला होता आणि छायाचित्रे त्या तरुणाच्या शाळेतल्या एका वर्गमैत्रिणीची, तिच्या नकळत घेतलेली होती. त्यातल्या एका छायाचित्राची हकिगत मला फार बोलकी वाटते. नात्यातल्या एका जखमी मुलाला धीर यावा, अशी थाप मारून त्याने त्या वर्गमैत्रिणीला चार अक्षरे लिहिलेला कागद हातात धरून छायाचित्र काढायला सांगितले. तिने भाबडेपणाने ते पाठवले आणि तेच पुढे लेनेच्या नावाच्या खात्यावर झळकले. म्हणजे कागद हातात धरलेले छायाचित्र, ज्याला आपण पक्का पुरावा मानू, तोही दुसऱ्याच कोणाला फसवून मिळवता येतो.

१६ जानेवारी २०१३ रोजी डेडस्पिन या संकेतस्थळाने हे उघड केले. त्यांच्या वार्ताहरांनी मृत्यूची नोंद शोधली, ती नव्हती. स्टॅनफर्डमध्ये चौकशी केली, त्या नावाची विद्यार्थिनी नव्हती. या साध्या गोष्टी तोवर कोणत्याही मोठ्या वृत्तसंस्थेने तपासल्या नव्हत्या, आणि त्या प्रत्येक संस्थेने ही कहाणी डोळ्यांत पाणी आणून छापली होती. मग दोष एकट्या त्या एकवीस वर्षांच्या मुलाला का द्यायचा?

आपल्या आत्यांसाठी याहून महत्त्वाचा भाग पुढे आहे. डिसेंबरच्या आरंभी टेओला त्याच क्रमांकावरून फोन आला आणि आपण जिवंत आहोत, असे त्या आवाजाने सांगितले. त्याने ही गोष्ट विद्यापीठाला सांगितली ती नाताळ उलटल्यावर, आणि मधल्या काळात सार्वजनिक ठिकाणी तिचा उल्लेख तो आधीसारखाच करत राहिला. आपण लेनेला प्रत्यक्ष भेटलो आहोत, असे तो पूर्वी वडिलांशी खोटे बोलला होता, हेही त्याने नंतर कबूल केले. न पाहिलेल्या मुलीवर जीव लावला म्हणून लोक वेडा ठरवतील, या धास्तीने तो गप्प राहिला होता. सगळे उघड झाल्यावर त्याची जी जाहीर टवाळी झाली, ती पाहता ती धास्ती खोटी नव्हती.

म्हणून माझे सांगणे इतकेच, की "तू फसलीस" या वाक्याने सुरुवात करू नका. तुम्हाला त्यांच्यात काय आवडले, ते काय बोलतात, हे आधी तासभर शांतपणे ऐकून घ्या. आत्यांनी दिलेली माया खरी होती, आणि पलीकडचा माणूस खोटा निघाला तरी ती खोटी ठरत नाही, हे त्यांना तुमच्याकडून कळले पाहिजे. नंतर तपासणीचा एखादा मार्ग सुचवा आणि तपासणी त्यांच्या हातून होऊ द्या. निष्कर्ष त्यांचा स्वतःचा असेल तरच तो टिकेल.

लीड्सवासी:

ओवी यांनी म्हटलेल्या तपासणीचा एक अगदी सोपा मार्ग इथे उपलब्ध आहे. मी इंग्लंडमध्ये भूलतज्ज्ञ म्हणून काम करतो. या देशात वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरचे नाव जनरल मेडिकल कौन्सिलच्या नोंदवहीत असावे लागते आणि ती नोंदवही इंटरनेटवर सर्वांना विनामूल्य पाहता येते. नाव घातले की नोंदणी क्रमांक, पदवी कोणत्या विद्यापीठाची, नोंदणीचा दिनांक आणि विशेषज्ञांच्या यादीत नाव असल्यास त्याची शाखा एवढे समोर येते. नाव नसेल, तर तो माणूस इथे डॉक्टर म्हणून काम करत नाही.

नाव सापडले तरी तेवढ्यावर विसंबू नका, कारण खऱ्या डॉक्टरांची नावे आणि छायाचित्रे चोरली जातात. ते ज्या रुग्णालयाचे नाव सांगतात, त्याचा सार्वजनिक दूरध्वनी क्रमांक रुग्णालयाच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावा. त्या गृहस्थांनी दिलेला क्रमांक वापरू नये. तिथे फोन करून त्या शल्यचिकित्सकांच्या सचिवांशी जोडून मागावे. इथे प्रत्येक वरिष्ठ डॉक्टरला सचिव असतो आणि निरोप नक्की पोचतो.

तुमच्या लिहिण्यातल्या आणखी एका गोष्टीपाशी मी थबकलो. भारतात सकाळचे सहा वाजतात तेव्हा इथे हिवाळ्यात मध्यरात्रीनंतरचे साडेबारा आणि उन्हाळ्यात दीड वाजलेला असतो. सकाळी आठच्या आत शस्त्रक्रियेच्या तयारीला लागणारा माणूस रोज त्या वेळी न चुकता जागा राहतो, हे मला पटत नाही. तसेच इथे शल्यचिकित्सक स्वतःला 'डॉक्टर' न म्हणवता 'मिस्टर' किंवा 'मिस' म्हणवून घेतात, ही जुनी प्रथा आहे. त्यांनी ओळखपत्राचे छायाचित्र पाठवले असेल तर त्यावर नावाआधी काय लिहिले आहे ते पाहा. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर पुरावा नव्हे, पण शंकेला बळ देण्याइतकी नक्कीच आहे.

तारांगण:

वरील सर्व सूचना योग्य आहेत. त्यांत एक भर घालतो, कारण व्हिडिओ कॉल झाला किंवा प्रत्यक्ष भेट झाली म्हणजे माणूस खरा, असा समज आत्यांचा किंवा आपलाही होऊ नये.

सायमन लेव्हिएव्ह या नावाने वावरणारा शिमॉन हायुत हा इस्रायली इसम टिंडरवर ओळख झालेल्या स्त्रियांना प्रत्यक्ष भेटत असे. एका प्रसिद्ध हिरे व्यापाऱ्याचा मुलगा असल्याची बतावणी करून तो त्यांना पंचतारांकित हॉटेलांत आणि खासगी विमानांतून फिरवत असे. एकीसाठी होणारा हा खर्च आधी फसलेल्या दुसरीच्या पैशातून चालत असे. विश्वास बसल्यावर जखमी अंगरक्षकाचे रक्ताळलेले छायाचित्र येई, आपल्या मागावर शत्रू आहेत, आपली कार्डे वापरणे धोक्याचे आहे, असे सांगून तिच्या नावाचे क्रेडिट कार्ड मागितले जाई आणि परतफेडीच्या बनावट पावत्या धाडल्या जात. फिनलंडमध्ये त्याने याआधी अशाच गुन्ह्यांसाठी शिक्षा भोगली होती. नॉर्वेतील एका तरुणीने आपली हकिगत 'व्हेगे' या वृत्तपत्राला दिली आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये ती छापून आली. ते वाचून त्याच्या तेव्हाच्या डच मैत्रिणीचे डोळे उघडले. तिने पैसे वसूल करण्यासाठी त्याचे महागडे कपडे विकले आणि त्याच्या प्रवासाची माहिती पोलिसांना दिली. तो अथेन्समध्ये बनावट पारपत्रासह पकडला गेला. इस्रायलमध्ये त्याला १५ महिन्यांची शिक्षा झाली आणि त्यातले सुमारे पाच महिनेच त्याने तुरुंगात काढले. त्या स्त्रिया मात्र त्यानंतरही बँकांची कर्जे फेडत राहिल्या, हे वाचून माझ्या मनाला फार यातना झाल्या.

पार्सलाच्या शुल्काचा डावही केवळ आपल्याकडचा नाही. जानेवारी २०२५ मध्ये फ्रान्सच्या टीएफ१ वाहिनीने एका ५३ वर्षांच्या स्त्रीची कहाणी दाखवली. एका भामट्याने अभिनेता ब्रॅड पिट असल्याचे भासवून तिच्याकडून ८ लाख ३० हजार युरो उकळले होते आणि त्यातली एक सुरुवातीची मागणी भेटवस्तूंवरील सीमाशुल्काचीच होती. पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली रुग्णशय्येवरची छायाचित्रेही तिला पाठवण्यात आली. कार्यक्रम प्रसारित झाल्यावर समाजमाध्यमांवर तिची इतकी कुचेष्टा झाली, की वाहिनीला तो आपल्या संकेतस्थळावरून काढून घ्यावा लागला. ओवी यांचे म्हणणे किती खरे आहे, हे यावरून दिसते.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे २०२२ या एका वर्षात सुमारे ७० हजार लोकांनी प्रेमाच्या बहाण्याने झालेल्या फसवणुकीची तक्रार केली आणि त्यांचे मिळून १.३ अब्ज डॉलरचे नुकसान झाले होते. आत्यांना कधी आपण एकट्याच फसलो असे वाटले, तर हा आकडा त्यांना जरूर सांगा.

वारणाकाठ:

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी मी आत्याकडे मुक्कामाला गेले आणि ओवी यांनी सांगितल्याप्रमाणे आधी नुसते ऐकत राहिले. ते तिच्या गुडघेदुखीची कशी चौकशी करतात, तिने वर्गात शिकवलेल्या कवितेबद्दल कसे विचारतात, हे ती बराच वेळ सांगत होती. मामा, म्हणजे तिचे यजमान, गेल्यापासून तिला तिच्या दिवसाबद्दल रोज विचारणारे घरात कोणीच नव्हते, आणि आम्हीही ते केले नव्हते.

जेवणानंतर मी लीड्सवासी यांनी सांगितलेल्या नोंदवहीबद्दल बोलले आणि फोन तिच्याच हातात ठेवला. तिने चष्मा लावून, नावाचे स्पेलिंग तीन प्रकारे बदलून पाहिले. ते नाव सापडले नाही. तिने मला काही न सांगता त्यांना संदेश करून नोंदणी क्रमांक विचारला. इतके दिवस गोड बोलणाऱ्या त्या माणसाने, आपल्यावर संशय घेणाऱ्या स्त्रीशी लग्न करायचे की नाही याचा विचार करावा लागेल, असे उत्तर पाठवले, आणि अर्ध्या तासात त्या सीमाशुल्काच्या बाईंचा फोन आला. हे दोन्ही पाठोपाठ कसे घडले, हे आत्याने स्वतःच मला विचारले.

मुदत ठेव शाबूत आहे. तिने अद्याप त्यांचा क्रमांक बंद केलेला नाही आणि मीही आग्रह धरलेला नाही. बाबांनी काल फोन करून तिची माफी मागितली. ती सोमवारी माझ्याबरोबर तक्रार द्यायला येण्यास तयार झाली आहे. कागदपत्रे कोणती न्यावीत?

न्यायपथ:

फार चांगले झाले. बँकेकडून त्या महिन्याचा खातेउतारा शिक्क्यासह घ्या आणि ४८,५०० च्या नोंदीसमोरचा व्यवहार क्रमांक ठळक करून ठेवा. ज्या खात्यात रक्कम गेली त्याचा क्रमांक आणि शाखेचा संकेतांक, दोन्ही दूरध्वनी क्रमांक, संकेतस्थळावरील त्या माणसाच्या माहितीचे पान आणि पार्सलाचे छायाचित्र यांच्या छापील प्रती काढा. संभाषणाचे स्क्रीनशॉट दिनांक आणि क्रमांक दिसतील असे घ्या. फोन मात्र सोबत न्याच, कारण मूळ संदेश त्यातच आहेत. आत्याबाईंचे आधारकार्ड लागेल. विवाहविषयक संकेतस्थळालाही ईमेलने तक्रार पाठवा, म्हणजे ते खाते इतर स्त्रियांपर्यंत पोचण्याआधी बंद होऊ शकेल.

तक्रारीनंतर काही आठवड्यांत एखादा माणूस सायबर अधिकारी किंवा वकील असल्याचे सांगून फोन करण्याची आणि थोडे शुल्क घेऊन बुडालेले पैसे परत मिळवून देतो म्हणण्याची शक्यता असते. फसलेल्यांच्या याद्या या टोळ्या एकमेकींना विकतात. तसा फोन आल्यास त्याला काहीही न देता तो क्रमांक तपास अधिकाऱ्यांना कळवा. सोमवारी तक्रार नोंदवून घेण्यास कोणी टाळाटाळ केली तर इथेच लिहा, पुढचा अर्ज मी करून देईन.